पगाराआधीचं सुवर्ण : दानिएल गोयेत आणि स्त्रियांची आइस हॉकी

दानिएल गोयेतच्या नावावर ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं आहेत, एक रौप्य आहे आणि आठ जागतिक अजिंक्यपदं आहेत. कॅनडाच्या राष्ट्रीय संघातून ती 1992 ते 2007 एवढा काळ जागतिक स्पर्धा खेळली. सरकारकडून राष्ट्रीय खेळाडूंना मिळणारा भत्ता सोडला, तर या सगळ्या काळात नुसतं खेळून पोट भरेल असा एकही क्लब तिच्यासाठी अस्तित्वात नव्हता. हॉकीची पूर्णवेळ नोकरी तिला मिळाली तेव्हा ती 41 वर्षांची होती, आणि ती नोकरी खेळण्याची नव्हती, शिकवण्याची होती.

तिच्या पिढीतल्या बहुतेक जणींची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. पदकं आधी आली, प्रेक्षक मग आले, पैसा सगळ्यात शेवटी आला. तो आला तेव्हा ज्यांनी खेळ उभा केला त्या मैदानाबाहेर गेलेल्या होत्या. गोयेतची कारकीर्द तपशिलाने पाहिली, तर हा क्रम असाच का लागला हे कळतं.

चोरून खेळलेल्या मुली

कॅनडात स्त्रिया हॉकी खेळतात ही काही अलीकडची गोष्ट नाही. 1888 मध्ये लॉर्ड स्टॅनली गव्हर्नर जनरल म्हणून ओटावाला आले. त्यांच्या रिडो हॉल या निवासस्थानाच्या आवारात हिवाळ्यात बर्फाचं मैदान तयार केलं जाई, आणि त्यांची मुलगी इझाबेल तिथे स्टिक घेऊन उतरत असे. स्टॅनलींनी 1892 मध्ये दिलेला चषक पुढे पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीचं सर्वोच्च पारितोषिक ठरला. मुलीच्या खेळाला मात्र तसा मान मिळाला नाही.

1930 च्या दशकात ओंटारिओमधल्या प्रेस्टन रिव्ह्यूलेट्स या संघाने देशभर नाव कमावलं. दुसऱ्या महायुद्धात हा खेळ मोडला आणि युद्ध संपल्यावर तो पुन्हा उभा राहिला नाही. रिंकचे तास मुलग्यांना वाटले गेले. 1955 च्या हिवाळ्यात टोरोंटोत अ‍ॅबी हॉफमन नावाच्या मुलीने केस बारीक कापून ‘अ‍ॅब’ या नावाने मुलग्यांच्या लीगमध्ये नाव घातलं. ती उत्तम बचावपटू ठरली. एका स्पर्धेसाठी जन्मदाखले तपासले गेले तेव्हा हा ‘मुलगा’ मुलगी असल्याचं कळलं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, निकाल विरोधात लागला. हॉफमन पुढे धावपटू झाली आणि चार ऑलिंपिकमध्ये धावली. हॉकीचं दार तिच्यासाठी बंद झालं ते झालंच.

त्यानंतर तीस वर्षांनी, 1986 मध्ये, जस्टिन ब्लेनी या मुलीच्या खटल्यात ओंटारिओच्या अपील न्यायालयाने खेळात लिंगभेदाला मुभा देणारं कलम रद्द केलं. त्या वर्षी दानिएल गोयेत 20 वर्षांची होती.

तिचा जन्म 30 जानेवारी 1966 चा, क्वेबेक प्रांतातल्या सँ-नाझेर या लहानशा गावचा. लाक सँ-जाँ सरोवराभोवतीचा हा फ्रेंच बोलणारा मुलूख. थंडी एवढी की उघड्यावर पाणी सोडलं की रिंक तयार. हॉकी खेळायला जागा कमी नव्हती, मुलींचा संघ नव्हता. गावातल्या मुलग्यांबरोबर उघड्या रिंकवर खेळायचं आणि वयात आल्यावर बाजूला व्हायचं, असा तिथल्या मुलींचा शिरस्ता होता. गोयेत बाजूला झाली नाही एवढाच फरक. मात्र राष्ट्रीय संघाची जर्सी अंगावर यायला तिला पंचविशी ओलांडावी लागली. आज याच वयात खेळाडू तिसऱ्या ऑलिंपिकच्या गोष्टी करतात.

गुलाबी जर्सी

मार्च 1990 मध्ये ओटावात स्त्रियांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. आयोजकांना धास्ती होती ती रिकाम्या खुर्च्यांची. तिच्यावर त्यांनी काढलेला तोडगा कॅनडाच्या हॉकी इतिहासात अजरामर झाला आहे: यजमान संघाला नेहमीच्या लाल-पांढऱ्या जर्सीऐवजी गुलाबी-पांढरी जर्सी दिली. शहरभर गुलाबी रंगाची लाट आली. खेळाडू मनातून वैतागल्या, पण घातली. अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला 5-2 ने हरवलं तेव्हा जवळपास 9,000 प्रेक्षक होते. त्या स्पर्धेत शरीराने धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला अडवणं नियमात बसत होतं. पुढच्या स्पर्धेपासून ते बंद झालं, आणि स्त्रियांची हॉकी वेगळ्या वाटेला लागली. तिच्यात स्केटिंग, पास आणि जागा शोधण्याचं महत्त्व वाढलं. चपळ फॉरवर्ड असलेल्या गोयेतसाठी हा बदल फायद्याचा ठरला.

ओटावाच्या त्या संघात ती नव्हती. दोन वर्षांनी, 1992 मध्ये फिनलंडच्या तांपेरे शहरात झालेल्या जागतिक स्पर्धेत ती पहिल्यांदा खेळली. कॅनडाने अंतिम सामन्यात अमेरिकेला 8-0 असं धुऊन काढलं.

1992 हे वर्ष इतर दोन कारणांनीही मोलाचं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने स्त्रियांच्या आइस हॉकीला मान्यता दिली आणि 1998 च्या नागानो ऑलिंपिकचा मुहूर्त ठरला. शिवाय त्याच वर्षाच्या सप्टेंबरात तांपेरेच्या संघातली गोलकीपर मानों रेओम पुरुषांच्या एनएचएलमधल्या टॅम्पा बे लाइटनिंग संघाकडून एका सराव सामन्यात गोलपोस्टसमोर उभी राहिली. असं करणारी ती पहिली स्त्री. त्यानंतर त्याच संघाच्या हाताखालच्या क्लबशी तिचा करारही झाला. रेओमची कीर्ती झाली ती रास्तच, पण तिच्या करारातून एक गोष्ट उघड होत होती. हॉकी खेळून पैसे मिळवायचे तर बाईने पुरुषांच्या संघात जागा मिळवायची, दुसरा रस्ता नाही. अकरा वर्षांनी हेली विकेनहायझर हिनेही तेच केलं. ती 2003 मध्ये फिनलंडच्या खालच्या श्रेणीच्या पुरुष लीगमध्ये खेळायला गेली आणि तिथे गोल करून आली.

बाकीच्यांनी नोकऱ्या केल्या. नागानोला गेलेल्या कॅनडा संघाच्या प्रशिक्षक शॅनन मिलर कॅलगरीच्या पोलीस दलात होत्या, रजा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या सहायक दानिएल सोव्हाजो, त्याही पोलीस. देशाच्या सर्वोच्च संघाच्या प्रशिक्षकांची ही तऱ्हा, मग खेळाडूंचं काय विचारता?

नागानोच्या तयारीसाठी गोयेत क्वेबेक सोडून कॅलगरीला आली. अंतर हजारो किलोमीटरचं, भाषा इंग्रजी. कॅलगरीत 1988 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी विद्यापीठाच्या आवारातच ऑलिंपिक ओव्हल हे बंदिस्त स्केटिंग संकुल बांधलेलं होतं. तिथे ओव्हल एक्स-ट्रीम नावाचा स्त्रियांचा संघ उभा राहिला. वर्षभर बर्फ, चांगले प्रशिक्षक, तोलामोलाच्या सोबतिणी, सगळं एका जागी मिळू लागलं. पगार तेवढा नव्हता. गोयेतच्या आयुष्याची पुढची पंचवीस वर्षं याच आवाराभोवती जाणार होती.

नागानो, फेब्रुवारी 1998

स्पर्धा तोंडावर आलेली असताना घरून निरोप आला. अल्झायमरने आजारी असलेले वडील गेले. जपानहून सँ-नाझेर गाठायचं म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडायची, आणि गेलं तर परत येऊन खेळणं अशक्य. गोयेतने राहायचं ठरवलं. सहा सामन्यांत तिने आठ गोल केले. त्या स्पर्धेत यापेक्षा जास्त गोल कोणीही केले नाहीत.

सहाच देश होते आणि सुवर्ण कॅनडा किंवा अमेरिका यांच्याकडे जाणार हे उघड होतं. तोवर झालेल्या चारही जागतिक स्पर्धा कॅनडाने जिंकल्या होत्या. 1997 ची मात्र अगदी थोडक्यात, जादा वेळेत 4-3 अशी. गटातल्या शेवटच्या सामन्यात दोन्ही संघ समोरासमोर आले. कॅनडा 4-1 ने पुढे होता. शेवटच्या तेरा-एक मिनिटांत अमेरिकेने सहा गोल ठोकले आणि सामना 7-4 असा फिरवला. त्या सामन्याच्या शेवटी दोन्ही संघांत शब्दाला शब्द लागला. बोलण्यात गोयेतच्या वडिलांचा उल्लेख झाला असा आरोप कॅनडाच्या बाजूने झाला, अमेरिकेच्या खेळाडूने तो साफ नाकारला. खरं-खोटं त्या दोघींनाच ठाऊक. पण स्त्रियांची हॉकी म्हणजे हौशी मुलींचा गोड खेळ, असं समजणाऱ्यांचा गैरसमज त्या संध्याकाळी दूर झाला असावा.

17 फेब्रुवारीला अंतिम सामना झाला. अमेरिका 2-0 ने पुढे. तिसऱ्या सत्रात, चार मिनिटं उरली असताना, कॅनडाला पॉवर प्ले मिळाला. म्हणजे प्रतिस्पर्ध्याची एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेली, आणि बर्फावर पाचाला चार. त्या संधीचा गोल गोयेतने केला. 2-1. कॅनडाने शेवटी गोलकीपरला बाहेर बोलावून जादा फॉरवर्ड उतरवली. अमेरिकेने रिकाम्या जाळ्यात पक (खेळातली रबरी चकती) ढकलला आणि 3-1 वर स्पर्धा संपली. स्त्रियांच्या हॉकीचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण अमेरिकेला मिळालं. कॅनडाचा अंतिम सामन्यातला एकमेव गोल गोयेतच्या नावावर राहिला.

अमेरिकेचा विजय नशिबाचा नव्हता. तिथे 1972 च्या टायटल नाइन कायद्याने विद्यापीठांना मुलींच्या खेळावर खर्च करणं भाग पडलं होतं. त्या पैशातून मुलींचे संघ, शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक, रिंक असं जाळं तयार झालं. कॅनडाकडे परंपरा होती, अमेरिकेकडे यंत्रणा आली. कॅनडाच्याच कितीतरी मुली शिष्यवृत्तीसाठी दक्षिणेकडच्या विद्यापीठांत जाऊ लागल्या. प्रशिक्षक म्हणून गोयेतला पुढे ज्या अडचणीशी झगडावं लागलं, ती इथे सुरू होते.

सलग आठ शिक्षा

चार वर्षांनी, सॉल्ट लेक सिटी. आता मुख्य प्रशिक्षक दानिएल सोव्हाजो. ऑलिंपिकच्या आधी दोन्ही देशांत आठ सराव सामने झाले होते आणि आठही अमेरिकेने जिंकले होते. 21 फेब्रुवारी 2002 च्या अंतिम सामन्याला अमेरिकन पंच होत्या. मधल्या काळात त्यांनी कॅनडाला सलग आठ पेनल्टी दिल्या.

सलग आठ पेनल्टी म्हणजे काय, हे बर्फावर पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. आइस हॉकीत एक खेळाडू साधारण पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळते आणि बाकावर येते, दुसरी उतरते. पेनल्टी झाली की दोन मिनिटं एक गडी कमी. मग चौघींनी चौकोन करून आपल्या गोलसमोर पसरायचं, अंगावर पक झेलायचा, मिळाला की लांब टोलवायचा आणि दम खात बदली व्हायचं. एकदा हे करताना छाती फुटते. कॅनडाने ते पुन्हा पुन्हा केलं. दुसरं सत्र संपायला एक सेकंद उरला असताना जायना हेफर्डने लांबून आलेला पास घेऊन गोल केला, 3-1. शेवटी सामना 3-2 असा सुटला. गोयेतला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं तेव्हा ती 36 वर्षांची होती.

त्या रिंकच्या बर्फाखाली एक नाणं होतं. बर्फ तयार करायला बोलावलेल्या एडमंटनच्या ट्रेंट इव्हान्स याने मधोमध कॅनडाचं एक डॉलरचं नाणं गुपचूप पुरून ठेवलं होतं. तीन दिवसांनी कॅनडाच्या पुरुषांनीही सुवर्ण जिंकलं, मग ते उकरून जगाला दाखवलं आणि आज ते टोरोंटोच्या हॉकी संग्रहालयात आहे. लोकांना नाण्याची गोष्ट पुरुषांच्या विजयाशी जोडलेली आठवते. त्या नाण्यावरून आधी जिंकल्या होत्या त्या बायका.

2006 च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये उद्घाटनाला कॅनडाचा ध्वज गोयेतच्या हाती होता. अकरा दिवसांपूर्वी तिने चाळिशी गाठली होती. त्या स्पर्धेत कॅनडाने इटलीला 16-0 आणि रशियाला 12-0 असं हरवलं. त्यावरून टीकाही झाली, की दोनच देश खेळत असतील तर हा खेळ ऑलिंपिकमध्ये कशाला? उत्तर स्वीडनने दिलं. त्यांनी उपांत्य सामन्यात अमेरिकेला शूटआउटमध्ये हरवलं. अंतिम सामन्यात कॅनडाने स्वीडनवर 4-1 ने मात केली. पुढच्या वर्षी विनिपेगला झालेली जागतिक स्पर्धा गोयेतची शेवटची. तिथेही सुवर्णच.

बाकाच्या मागे

2007 मध्ये कॅलगरी विद्यापीठाने तिला डायनोज या स्त्रियांच्या संघाची मुख्य प्रशिक्षक नेमलं. ज्या आवारात ती खेळत आली होती तिथेच आता तिचं ऑफिस झालं.

विद्यापीठ संघाचा प्रशिक्षक होणं वाटतं तेवढं रुबाबाचं काम नाही. शुक्रवार-शनिवार असे जोडीने सामने, तेही एडमंटन, सॅस्काटून, रेजायना, विनिपेग, व्हँकुव्हर अशा दूरदूरच्या गावी. हिवाळ्यात बसचे लांब पल्ले. खेळाडूंच्या परीक्षा, दुखापती, रिंकच्या वेळा. उन्हाळ्यात नव्या मुली शोधायच्या, आणि ज्या खरोखर चांगल्या असतील त्यांच्यापुढे अमेरिकन विद्यापीठांची शिष्यवृत्ती असतेच. ती सोडून कॅलगरीला का यावं, हे पटवायचं. गोयेतकडे दाखवायला पदकं होती, पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला पदकांपेक्षा स्वतःचं चार वर्षांचं भवितव्य महत्त्वाचं असतं.

तिने संघ बांधला. 2010 पासून विकेनहायझर विद्यार्थिनी म्हणून त्या संघात खेळू लागली. जगातली सर्वोत्तम म्हणावी अशी खेळाडू, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांनंतर वर्गात बसून परीक्षा देत होती. पुढे ती डॉक्टर झाली. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी या दोघी एकेकाळच्या सहकारी, एकाच आक्रमणात खांद्याला खांदा लावून खेळलेल्या.

मार्च 2012 मध्ये कॅनडाच्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत डायनोज अंतिम फेरीत गेले. समोर मॉन्ट्रियल विद्यापीठाचा काराबँ संघ. तो शून्यातून उभा करण्यात मोठा वाटा कोणाचा? दानिएल सोव्हाजोचा. सॉल्ट लेकला बाकामागे जी होती आणि बर्फावर जी होती, त्या दोघींनी दहा वर्षांत देशाच्या दोन टोकांना एकेक संघ घडवला होता, आणि ते आता समोरासमोर होते. कॅलगरी जिंकलं. पुढच्याच वर्षी विजेतेपद मॉन्ट्रियलने नेलं. बातम्यांत या सामन्यांना फारशी जागा मिळाली नाही. पण स्त्रियांच्या हॉकीत पहिल्यांदाच अशी पिढी दिसत होती, जिने स्वतः खेळून मिळवलेलं ज्ञान संस्था उभारून पुढे दिलं.

2014 च्या सोची ऑलिंपिकला गोयेत सहायक प्रशिक्षक होती. स्पर्धेच्या दोन महिने आधी मुख्य प्रशिक्षकाने राजीनामा दिला होता, त्यांच्या जागी केव्हिन डिनीन घाईने आले होते. 20 फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात अमेरिका 2-0 ने पुढे. साडेतीन मिनिटं उरली असताना ब्रिअ‍ॅन जेनरने एक गोल फेडला. मग कॅनडाने गोलकीपर बाहेर काढली. अमेरिकेच्या केली स्टॅकने आपल्या बाजूने पक लांब मारला. पुढे रिकामं जाळं. पक सरळ घरंगळत गेला, डाव्या खांबाला लागला आणि बाहेर आला. दोन इंच आत असता, तर सुवर्ण अमेरिकेचं. पंचावन्न सेकंद उरली असताना मारी-फिलिप पूलँने बरोबरी साधली आणि जादा वेळेत तिनेच विजयी गोल केला. नागानोला याच परिस्थितीत रिकाम्या जाळ्यात पक गेलेला गोयेतने पाहिला होता. यावेळी तो खांबाला लागला. खेळात नशीब नसतं म्हणणाऱ्यांनी हे दोन सामने पाहावेत.

पैशाची गोष्ट

गोयेत प्रशिक्षक झाली त्याच वर्षी, 2007 मध्ये, सीडब्ल्यूएचएल ही स्त्रियांची कॅनेडियन लीग सुरू झाली. खेळाचा दर्जा उत्तम, पगार शून्य. 2015 मध्ये अमेरिकेत दुसरी लीग निघाली आणि तिने पहिल्यांदा पगार जाहीर केला, किमान 10,000 डॉलर. दुसऱ्याच हंगामात तो निम्म्यावर आणला. 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाने मानधनासाठी मायदेशातल्या जागतिक स्पर्धेवर बहिष्काराची धमकी दिली. संघटनेने ऐन वेळी तडजोड केली. त्याच वर्षी सीडब्ल्यूएचएलने मानधन सुरू केलं, हंगामाला 2,000 ते 10,000 डॉलर. एवढ्यात कॅलगरीत खोलीचं भाडंही निघत नाही.

24 मार्च 2019 रोजी कॅलगरी इन्फर्नो संघाने या लीगचा चषक जिंकला. आठवड्याने, 31 मार्चला, लीगने जाहीर केलं की आपण बंद होत आहोत. विजेत्या मुलींनी चषक घरी आणला तो अशा लीगचा, जी आता नव्हती. मे महिन्यात दोनशेवर खेळाडूंनी एकत्र येऊन सांगितलं की जगता येईल असा पगार आणि विमा देणारी एकच लीग निघेपर्यंत आम्ही उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही लीगमध्ये खेळणार नाही. 1990 मध्ये गुलाबी जर्सी मुकाट्याने घालणाऱ्यांच्या या वारसदार होत्या, आणि त्यांना मुकाट्याने काही घालायचं नव्हतं.

जवळपास पाच वर्षं त्या तशाच राहिल्या. 1 जानेवारी 2024 रोजी टोरोंटोत पीडब्ल्यूएचएल या नव्या लीगचा पहिला सामना झाला. न्यूयॉर्कने टोरोंटोला 4-0 ने हरवलं. खेळाडूंच्या संघटनेने आधीच सामुदायिक करार केलेला होता: किमान पगार 35,000 डॉलर, आणि प्रत्येक संघात निदान सहा जणींना 80,000 किंवा त्याहून जास्त. त्याच एप्रिलात मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये मॉन्ट्रियल-टोरोंटो सामन्याला 21,105 प्रेक्षक आले. मॉन्ट्रियलची कर्णधार पूलँ, आणि महाव्यवस्थापक दानिएल सोव्हाजो.

बाकामागच्या जागाही बदलत होत्या. इन्फर्नोची माजी फॉरवर्ड जेसिका कॅम्पबेल 2024 मध्ये एनएचएलच्या सिअ‍ॅटल क्राकेन संघाची पूर्णवेळ सहायक प्रशिक्षक झाली. पुरुषांच्या त्या लीगमध्ये असं पद मिळवणारी ती पहिली स्त्री. गोयेत त्याआधीच पुरुषांच्या हॉकीत पोचली होती. मे 2021 मध्ये टोरोंटो मेपल लीफ्सने तिला खेळाडू-विकासाची संचालक नेमलं, म्हणजे संघाने निवडलेल्या कोवळ्या खेळाडूंना एनएचएलसाठी तयार करण्याचं काम. त्या विभागाची प्रमुख होती विकेनहायझर. चौदा वर्षांनंतर गोयेतने कॅलगरी सोडलं. 2017 मध्ये टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं होतं. त्या यादीतली ती पाचवी स्त्री खेळाडू.

या साखळीची एक कडी आपल्याकडेही येते. 2018 च्या जानेवारीत विकेनहायझर हॉकीचं सामान घेऊन लडाखला आली आणि तिथल्या मुलींबरोबर गोठलेल्या तळ्यांवर खेळली. त्याच वर्षी भारताच्या मुली तिच्या निमंत्रणावरून कॅलगरीच्या स्पर्धेला गेल्या. या संघाने 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला होता, आणि 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकाचं कांस्य आणलं. उघड्या बर्फावर, मागून आणलेल्या सामानावर, नोकरी-शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या या मुली गोयेतच्या सँ-नाझेरपासून फार लांब नाहीत.

गोयेतच्या पिढीचं कौतुक करताना ‘पैशासाठी नाही, प्रेमासाठी खेळल्या’ असं म्हणायची पद्धत आहे. ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. त्या प्रेमाने खेळल्या आणि पैसा कोणी देत नव्हता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरुष खेळाडूंना लाखो डॉलर मिळतात म्हणून त्यांचं खेळावरचं प्रेम कमी आहे असं कोणी म्हणत नाही. जे प्रेम म्हणून गौरवलं गेलं ती पंचवीस-तीस वर्षांची फुकट घेतलेली मेहनत होती. तिच्यातून एक खेळ उभा राहिला, त्याला प्रेक्षक मिळाले, आणि आता गुंतवणूकदार आले आहेत. म्हणून 35,000 डॉलरचा तो किमान पगार ही नव्या लीगची उदारता नव्हे. ते जुनं देणं आहे, आणि ते ज्यांचं होतं त्यांना ते मिळालेलं नाही.